४१३००१ : सोलापूरच्या पिनकोडमधली संख्या – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या कशी वाचायची, आणि हीच का निवडली?

चार लाख तेरा हजार एक. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम घातले तर ४,१३,००१. सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा हा पिनकोड सोलापूरकरांनी पाकिटांवर, अर्जांवर आणि ऑनलाइन ऑर्डरवर शेकडो वेळा लिहिलेला असतो. सहा अंकी संख्या अभ्यासाला सोयीची असते. तोंडी हिशोबाला ती मोठी पडते, पण कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात तिचा पुरता छडा लागतो. स्कॉलरशिपला किंवा स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना विभाज्यतेच्या कसोट्या, मसावि-लसावि, विभाजकांची संख्या हे सगळं या एकाच उदाहरणात सापडतं.

पिनकोडच्या अंकांना अर्थ असतो ना? मग गणितातले गुणधर्मही त्यातूनच येतात का?

नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच होते. पहिला अंक ४ म्हणजे टपालाचा विभाग (महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड). पहिले तीन अंक, ४१३, टपालाची छाननी कुठे व्हायची ते सांगतात आणि शेवटचे तीन ठरावीक कार्यालय दाखवतात. ४१३ने सुरू होणारे पिनकोड फक्त सोलापूर जिल्ह्यात आहेत असंही नाही. बारामती (४१३१०२) आणि लातूर (४१३५१२) याच गटात येतात. इथे मात्र आपण ४१३००१कडे केवळ एक पूर्ण संख्या म्हणून पाहतो. खाली जे गुणधर्म येतील ते संख्येचे आहेत. त्यावरून गावाबद्दल काही ठरत नाही.

ही मूळ संख्या आहे का?

नाही, संयुक्त आहे. अंकांची बेरीज ४ + १ + ३ + ० + ० + १ = ९, म्हणून ९ने भाग जातो. शेवटी १ दिसला की "मूळ असेल" असं अनेकांना वाटतं. एककस्थानचा १, ३, ७ किंवा ९ एवढंच सांगतो की २ने आणि ५ने भाग जाणार नाही.

मूळ अवयव कागदावर कसे काढायचे? प्रत्येक पायरी सांगा.

आधी सोपा भाजक बाहेर काढा. ४१३००१ ÷ ९ = ४५८८९. ही पायरी सगळ्यात जास्त कष्ट वाचवते. थेट ४१३००१मध्येच शोध घ्यायचा तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६४२पर्यंत जावं लागलं असतं आणि तिथपर्यंत ११६ मूळ संख्या आहेत. ४५८८९चं वर्गमूळ २१४च्या जरा पुढे आहे (२१४चा वर्ग ४५७९६, २१५चा ४६२२५), त्यामुळे २११पर्यंतच्या ४७ मूळ संख्या पुरतात.

आता ४५८८९मध्ये पुन्हा ३ आहे का ते पाहा. अंकांची बेरीज ३४, म्हणून नाही. २ आणि ५ तर दिसताक्षणीच बाद.

७, ११ आणि १३ यांच्यासाठी तीन वेगळे भागाकार करू नका. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून वजाबाकी केली की तिघांचा निकाल एकदम लागतो. ४१३००१वरच करून पाहा: गट ४१३ आणि ००१, फरक ४१२. ४१२ला ७ने भागल्यास बाकी ६, ११ने ५, १३ने ९. तिन्ही बाद. तसंच २७ × ३७ = ९९९, म्हणून गटांची बेरीज घ्या: ४१३ + १ = ४१४. ४१४ला ३७ने भाग जात नाही, २७नेही जात नाही, पण ९ने जातो. आधीचा निकाल इथे पुन्हा पडताळूनही मिळतो.

उरलेल्या मूळ संख्यांना आडवाट नाही. १७, १९, २३, २९, ३१ अशा ओळीने ४५८८९ला भागत चला आणि प्रत्येक बाकी लिहून ठेवा. १७ला बाकी ६, १९ला ४, २३लाही ४, २९ला ११, ३१ला ९... ९७ला ८, १०१ला ३५, १०३ला ५४, १०७ला ९३ आणि १०९ला शून्य. ४५८८९ ÷ १०९ = ४२१.

म्हणून ४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१.

बाक्या लिहून ठेवायला सांगण्याचं कारण आहे. चूक झालीच तर ती बहुतेक वेळा ५० ते १००च्या मधल्या मूळ संख्यांत होते. कंटाळून एखादी सुटते, नाहीतर ५१, ५७, ८७, ९१ यांना मूळ धरून वेळ जातो. ५१ = ३ × १७, ५७ = ३ × १९, ८७ = ३ × २९, ९१ = ७ × १३. यांची कसोटी घेणं चुकीचं नाही, पण त्यातून नवं काही हाती लागत नाही.

१०९ सापडल्यावर ४२१ मूळ आहे की नाही, हे पुन्हा तपासायचं का?

गरज नाही. ४२१ला एखादा लहान मूळ अवयव असता तर तो ४५८८९चाही अवयव असता आणि १०९च्या आधीच सापडला असता. १०९चा वर्ग ४२१पेक्षा किती तरी मोठा आहे, त्यामुळे नंतरचं काही पाहायचं उरत नाही. परीक्षेत इथे पुन्हा भागाकार मांडून पाच मिनिटं घालवणारी मुलं बरीच असतात.

या दोन अवयवांत एक देखणी गोष्ट दडलेली आहे. १०७ आणि १०९ ही जोडमूळ संख्यांची (दोनच्या फरकाने येणाऱ्या मूळ संख्यांची) जोडी आहे, आणि ४१९ व ४२१ हीसुद्धा. म्हणजे आपले दोन्ही मोठे अवयव आपापल्या जोडीतले थोरले आहेत.

४१३ला ७ने भाग जातो, मग ४१३००१ला का जात नाही?

४१३ = ७ × ५९, म्हणून ४१३०००ला ७नेही भाग जातो आणि ५९नेही. आपली संख्या त्याच्या पुढची आहे, त्यामुळे दोन्ही वेळा बाकी १ उरते. संख्येच्या सुरुवातीच्या तुकड्याला भाग गेला म्हणून अख्ख्या संख्येला जात नाही. नंतरच्या तुकड्यालाही जायला हवा.

अंकांची बेरीज ९ आहे, मग २७नेही भाग जाईल का?

नाही. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ यांच्यापुरतीच आहे. १०, १००, १००० यांना ९ने भागलं की बाकी १ राहते, म्हणून ती चालते. २७ने १०ला भागल्यावर बाकी १० राहते, तिथे कसोटी मोडते. २७साठी वर दिलेली तीन अंकांच्या गटांची बेरीज वापरा.

एकूण विभाजक किती? न विसरता सगळे कसे लिहायचे?

१२. घातांकांत एक-एक मिळवून गुणायचं: ३चा घातांक २, म्हणून ३. १०९चा १, म्हणून २. ४२१चा १, म्हणून २. ३ × २ × २ = १२.

ते जोड्यांनी लिहा म्हणजे एकही सुटत नाही: १ × ४१३००१, ३ × १३७६६७, ९ × ४५८८९, १०९ × ३७८९, ३२७ × १२६३, ४२१ × ९८१. सहा जोड्या झाल्या की काम संपलं. सर्वाधिक विसरली जाणारी जोडी ३२७ × १२६३ आहे, कारण तिथे एक ३ इकडे आणि एक ३ तिकडे गेलेला असतो. दुसरी चूक ९८१ला मूळ समजण्याची. ते ९ × १०९ आहे.

रोजच्या हिशोबात याचा काय उपयोग?

समजा चाटी गल्लीतल्या एखाद्या गोदामात ४,१३,००१ टॉवेल आहेत आणि सगळे गठ्ठे सारख्या नगांचे हवेत, एकही टॉवेल उरता कामा नये. वरचे बाराच आकडे चालतील. प्रत्यक्षात बांधण्याजोगे फक्त ३, ९ आणि फार तर १०९ नगांचे. डझनाने बांधले तर ३४,४१६ डझन होऊन ९ टॉवेल उरतात. ग्रोसने, म्हणजे १४४च्या हिशोबाने, २,८६८ ग्रोस होतात आणि तेव्हाही ९च उरतात, कारण ३४,४१६ डझनांना १२ने पूर्ण भाग जातो. संख्या विषम असल्यामुळे डझनात ती कधीच पूर्ण बसणार नाही, हे एककस्थान पाहूनच सांगता येतं.

न्यून, परिपूर्ण, विपुल यांपैकी ही कोणती?

न्यून. स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी असेल तर संख्या न्यून, तेवढीच असेल तर परिपूर्ण (६, २८), जास्त असेल तर विपुल. बेरीज एकेक करून करायची नाही: (१ + ३ + ९) × (१ + १०९) × (१ + ४२१) = १३ × ११० × ४२२ = ६,०३,४६०. त्यातून ४,१३,००१ वजा केले की १,९०,४५९ उरतात. संख्येच्या निम्म्याहूनही कमी.

विषम संख्या विपुल असणं मुळात दुर्मीळ आहे. सर्वात लहान विषम विपुल संख्या ९४५ आहे.

शेजारच्या गावांचे आकडे ताडून पाहिले की हा भेद नीट समजतो. पंढरपूरचा ४१३३०४ घ्या. तो सम आहे आणि अंकांची बेरीज १५, म्हणून ६ने भाग जातो. ६पेक्षा मोठी ६ची प्रत्येक पट विपुलच असते, म्हणून इथे गुणाकाराचीही गरज नाही. तरी करायचा असेल तर ४१३३०४ = २ × २ × २ × ३ × १७ × १०१३, विभाजक ३२, आणि स्वतःला वगळून त्यांची बेरीज ६,८१,८१६. अक्कलकोटच्या ४१३२१६ला ही पळवाट नाही, कारण ३ने भाग जात नाही. तो पाच वेळा २, मग ३७ आणि ३४९ असा फुटतो. विभाजकांची एकूण बेरीज ६३ × ३८ × ३५० = ८,३७,९००, म्हणजे स्वतःला वगळून ४,२४,६८४. जेमतेम ११,४६८ने विपुल. अशा काठावरच्या उदाहरणात अंदाज चालत नाही, हिशोबच करावा लागतो.

४१३००१ आणि ४१३३०४ यांचा मसावि पटकन कसा काढायचा?

वजाबाकीने. दोघांनाही ज्याने भाग जातो त्याने त्यांच्या फरकालाही जातो. फरक ३०३ = ३ × १०१. आता फक्त ३ आणि १०१ तपासायचे. ३ने दोघांनाही भाग जातो. १०१साठी दोन-दोन अंकांचे गट उजवीकडून आळीपाळीने अधिक-वजा करा: ०१ − ३० + ४१ = १२, म्हणून १०१ने भाग जात नाही. मसावि ३. लसावि = ४१३००१ × १३७७६८ = ५६,८९,८३,२१,७६८.

हर्षद संख्या म्हणजे काय? ही हर्षद आहे का?

आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद संख्या. इथे ४१३००१ ÷ ९ = ४५८८९. पंढरपूरची ४१३३०४ हर्षद नाही, कारण अंकांची बेरीज १५ आणि शेवटी ०-५ काहीच नाही.

'हर्षद' हे नाव देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिलं. जगभरच्या गणितात ते याच नावाने रुजलं आहे आणि त्याचा उगम मराठी मातीतला आहे, हे वर्गात आवर्जून सांगावं.

कापरेकरांची स्वयंभू संख्या आणि ६१७४ची क्रिया इथे लागू पडते का?

दोन्ही करून पाहता येतात.

संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. जिला अशी जन्मदाती संख्या नसते ती स्वयंभू. ४१३००१ स्वयंभू नाही: ४१२९७४ + (४ + १ + २ + ९ + ७ + ४ = २७) = ४१३००१. जन्मदाती शोधताना अंदाजाने चाचपडू नका. आपल्या संख्येला ९ने भाग जातो, म्हणून जन्मदातीलाही ९ने भाग जायलाच हवा. ४१२९९२, ४१२९८३, ४१२९७४ असं नऊ-नऊने मागे गेलं की तिसऱ्या पायरीला ती सापडते.

दुसरी क्रिया अशी: अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकी संख्यांत (चारही अंक सारखे नसतील तर) शेवटी ६१७४ येते. हा शोध कापरेकरांनी १९४९ साली लावला. सहा अंकांत एकच मुक्काम नसतो. ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या स्वतःवरच थांबतात आणि शिवाय सात संख्यांचं एक चक्र आहे. आपली संख्या चक्रात जाते:

४३११०० − ००११३४ = ४२९९६६
९९६६४२ − २४६६९९ = ७४९९४३
९९७४४३ − ३४४७९९ = ६५२६४४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६

इथून चक्र सुरू: ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६. पहिल्याच ओळीतली दोन शून्यं सोडू नका. ११३४च्या जागी दुसरंच काही लिहिलं गेलं, किंवा पुढच्या उत्तरांत शून्य गळलं, की संख्या पाच अंकी धरली जाते आणि सगळं गणित भलतीकडे जातं.

उलटी वाचून मिळवली तर काय होतं?

४१३००१ + १००३१४ = ५१३३१५. डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, तेच. एकाच पायरीत असं होण्याचं कारण साधं आहे: समोरासमोरच्या अंकांच्या बेरजा ५, १, ३ आहेत, कुठेही हातचा येत नाही. हातचा आला की ही समानता बहुतेक वेळा बिघडते आणि मग आणखी पायऱ्या लागतात.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

येते, आणि नेमक्या दोन प्रकारे. ४ने भागल्यावर बाकी ३ उरते असे मूळ अवयव समघाती असले, म्हणजे प्रत्येक सम वेळा आला असला, तरच हे शक्य होतं. इथे तसा अवयव फक्त ३, आणि तो दोनदा आला आहे. १०९ आणि ४२१ दोघांनाही ४ने भागल्यावर बाकी १ राहते.

रचना करायची ती अशी. १०९ = १० चा वर्ग + ३ चा वर्ग. ४२१ = १५ चा वर्ग + १४ चा वर्ग (लागोपाठच्या दोन संख्यांचे वर्ग, हेही लक्षात ठेवण्याजोगं). आता सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्तांचं सूत्र लावा. उभा-आडवा गुणाकार: १० × १५ = १५० आणि ३ × १४ = ४२. तिरपा: १० × १४ = १४० आणि ३ × १५ = ४५. पहिल्यांची वजाबाकी आणि दुसऱ्यांची बेरीज घेतली की १०८ आणि १८५. उलट केलं की १९२ आणि ९५. दोन्ही जोड्यांच्या वर्गांची बेरीज ४५८८९ येते. राहिलेल्या ९साठी प्रत्येक संख्येला ३ने गुणा:

३२४ चा वर्ग + ५५५ चा वर्ग = १०४९७६ + ३०८०२५ = ४१३००१
२८५ चा वर्ग + ५७६ चा वर्ग = ८१२२५ + ३३१७७६ = ४१३००१

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ३ऐवजी ९ने गुणणं. वर्गाच्या आत ३ गेला की बाहेर त्याचे ९ होतात.

पूर्णवर्ग, घन, त्रिकोणी संख्या (१ + २ + ३ + ... अशी बेरीज)?

यांपैकी काहीच नाही. ६४२ आणि ६४३ यांच्या वर्गांमध्ये (४१२१६४, ४१३४४९), ७४ आणि ७५ यांच्या घनांमध्ये (४०५२२४, ४२१८७५) आणि ९०८व्या व ९०९व्या त्रिकोणी संख्यांमध्ये (४१२६८६, ४१३५९५) ती पडते.

द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) कशी लिहितात?

११००१००११०१०१००१००१. एकूण १९ अंक, त्यात १ नऊ वेळा.

सोलापुरातल्या बाकीच्या पिनकोडांत एखादी मूळ संख्या आहे का?

४१३००१ ते ४१३००८ या आठांत एकही नाही. चार सम आहेत. ४१३००५ला ५ने भाग जातो. ४१३००१ आणि ४१३००७ला ३ने, त्यातही ४१३००७ = ३ × ७ × ७१ × २७७. खरी फसवी ४१३००३ आहे: २, ३, ५, ७, ११, १३, १७ सगळे नापास होतात आणि १९ला भाग जातो, ४१३००३ = १९ × २१७३७. "सात कसोट्यांत सुटली म्हणजे मूळ" असं मानणारा इथे हमखास फसतो.

उत्तर बरोबर आलं हे कसं पडताळायचं?

उलट गुणाकार करा आणि मग अंकांच्या बेरजेने तपासा. १०९ची बेरीज १०, म्हणजे १. ४२१ची ७. गुणाकार ७. ४५८८९ची बेरीज ३४, म्हणजे ७. जुळलं. पण ही तपासणी अंकांची अदलाबदल पकडत नाही. घाईत ४५८९८ लिहिलं तरी बेरीज ३४च येते. म्हणून जोडीला ११ची तपासणी घ्या, म्हणजे उजवीकडून अंक आळीपाळीने अधिक-वजा करा. १०९ला ११ने भागल्यावर बाकी १०, ४२१ला ३, त्यांचा गुणाकार ३०, म्हणजे बाकी ८. ४५८८९साठी ९ − ८ + ८ − ५ + ४ = ८, जुळतं. ४५८९८साठी ८ − ९ + ८ − ५ + ४ = ६, म्हणजे चूक तिथल्या तिथे सापडते.